बादली भरायला लागणारा वेळ

राजापूर तालुक्यात सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, एक वाडी आहे. चाळीसेक घरं, बारा महिने राहणारी माणसं दोनशेच्या आतबाहेर. वाडीचं नाव लिहू नको, असं तिथल्याच लोकांनी मला बजावलंय. मागे एकदा टंचाईच्या बातमीत रिकाम्या हंड्यांचा फोटो छापून आला आणि त्यानंतर दोन घरांतल्या मुलांची ठरत आलेली सोयरीक फिसकटली, असं ते सांगतात. फोटोमुळेच फिसकटली का, ते मी काय सांगणार. पण पाणी नसलेल्या वाडीत मुलगी द्यायला लोक कचरतात, हे कोकणात कुणालाही विचारा.

मी पुण्यात बसून पावसाच्या आकड्यांवर काम करते. मान्सून कधी येतो, मध्येच किती दिवस दडी मारतो, कुठल्या वर्षी कुठे कोसळतो, हा माझा विषय. या वाडीशी संबंध मात्र विषयामुळे आला नाही, मावशीमुळे आला. तिचं सासर तिथलं. २०२२ च्या दिवाळीनंतर गेले होते तेव्हा तिनं ओट्यावर बसून सरळ विचारलं, "बाय, तू पावसाची डाक्तर ना? आमच्यात तीन हजार मिलिमीटर पडतो म्हनतंस. मग मे म्हयन्यात माज्या हंड्यात का नाय?"

तिला उत्तर द्यायला मला अडीच वर्षं लागली. पूर्ण उत्तर अजूनही नाही.

मी काय धरून गेले होते

आमच्या धंद्यातल्या माणसाला पहिली शंका पावसाचीच येते. हवामान बदललंय, पाऊस कमी झाला असेल, निदान विस्कटला असेल. विस्कटण्याला तर भक्कम पुरावा आहे. बी. एन. गोस्वामी आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये दाखवलं की मध्य भारतात विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अतिवृष्टीच्या घटना वाढल्या आणि मध्यम पावसाच्या घटल्या, त्यामुळे एकूण बेरीज जवळपास तिथल्या तिथेच राहिली. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये १९५० ते २०१५ ही वर्षं तपासली. मध्य भारतात मोठ्या टापूवर एकाच वेळी कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीनं वाढल्याचं त्यांना दिसलं. कारण म्हणून त्यांनी बोट ठेवलं अरबी समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यांच्या उसळ्यांवर. बेरीज तीच, पण मधली वीण उसवलेली.

हे सगळं डोक्यात घेऊन मी हवामान खात्याच्या चौकोनी आकडेवारीत वाडी शोधली. त्या आकडेवारीतला एक चौकोन पाव अंशाचा, म्हणजे साधारण सत्तावीस किलोमीटर बाजूचा. समुद्र ते सह्याद्री हे कोकणचं अंतरच मुळी पन्नासेक किलोमीटर. त्यामुळे असे दोन चौकोन टाकले की बंदर, खाडी, सडा, मळा आणि घाटाचा पायथा सगळं त्यात मावतं. घाटाच्या पायथ्याला ढग फुटलेला असतो आणि किनाऱ्याला लख्ख ऊन, पण चौकोनात दोघांची सरासरी निघते. वाडी त्यात दिसणार कुठून?

तरी वार्षिक बेरीज पाहिली. तिथे टंचाईचा मागमूस नव्हता. ज्या तालुक्यात जुलैमध्ये अर्जुना आणि कोदवलीचं पाणी राजापूरच्या जवाहर चौकात शिरतं, त्या तालुक्यात पाऊस कमी पडतो असं म्हणणार तरी कोण?

झरा

वाडीचं पाणी एका झऱ्यावर आहे. सडा म्हणजे वर जांभ्याचा कातळ, नळ्यानळ्यांचा, सच्छिद्र. त्याच्या खाली चिकण मातीचा थर. पाऊस जांभ्यातून खाली झिरपतो, चिकण मातीवर अडतो आणि उताराला जिथे हे दोन थर उघडे पडतात तिथे झरा होऊन बाहेर येतो. कोकणातले कितीतरी झरे याच जातीचे. (उन्हाळे गावची गंगा अवचित प्रकटते आणि अवचित जाते, ते निराळं. तिच्या चौदा कुंडांबद्दल लोक वक्रनलिकेचा (सायफनचा) सिद्धांत सांगतात, आमच्या झऱ्याला असला मान नाही.) झऱ्यावर जुनी डोणी, म्हणजे दगडी कुंडी, तिथून पाइप, पाइपाखाली पाच हजार लिटरची टाकी, टाकीतून घरोघर नळ. नळ नवे आहेत. जलजीवन मिशन २०१९ मध्ये सुरू झालं, त्यातून ते वाडीपर्यंत आले. झरा मात्र तोच, आजेसासऱ्यांच्या काळातला.

जांभ्याचा गुण आणि दोष एकच. पाणी पटकन आत घेतो आणि तितक्याच पटकन सोडून देतो. ऑगस्टमध्ये विहिरीत वाकून हातानं पाणी घ्यावं, आणि मार्चमध्ये त्याच विहिरीत तळाचा दगड दिसावा. म्हणून सड्यावर समतल चर खणायची टूम निघाली तेव्हा मी हात आखडता घेतला. इथे पाणी मुरण्याची अडचणच नाही, ते थांबत नाही ही अडचण आहे.

बादली आणि मोबाइल

मोजायला मी काही यंत्र नेलं नाही. पंधरा लिटरची प्लास्टिकची बादली पाइपाच्या तोंडाखाली धरायची आणि मोबाइलचं घड्याळ लावायचं. दर रविवारी. शेजारची नववीतली मुलगी हे काम करायला तयार झाली. वही शाळेचीच, मागच्या पानापासून सुरू केलेली.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला बादली दहा सेकंदांत भरली. मुलीनं "एक, दोन" म्हणायला सुरुवात केली आणि दहाला पाणी बाहेर. डिसेंबरच्या मध्याला वीस. जानेवारी सरता सरता चाळीस. मार्चच्या मध्याला ऐंशी. वेळ साधारण दीड महिन्यात दुप्पट होत होता. झऱ्याची उतरंड बहुतेकदा अशीच असते. रोज ठरावीक लिटर कमी होत नाहीत, जे उरलंय त्यातला ठरावीक हिस्सा कमी होतो. एप्रिलच्या शेवटी दोन मिनिटं चाळीस सेकंद झाली. तेव्हा मी वाडीत होते. बादली भरेपर्यंत मावशीनं सुनेच्या बाळंतपणापासून गॅसच्या सबसिडीपर्यंत सगळं सांगून संपवलं आणि मग दोघी गप्प बसून धारेकडे बघत राहिलो. करंगळीएवढी धार होती. पाइपाच्या कडेला शेवाळाची हिरवी जीभ, तिच्यावरून थोडं पाणी बादलीबाहेरच निसटत होतं. मावशीनं ती बोटानं खरवडली. पुढच्या वेळी बादली चार सेकंद आधी भरली.

आता एक हिशेब. जलजीवनचा मापदंड माणशी दिवसाला ५५ लिटर. दोनशे माणसांना ११,००० लिटर. पंधरा लिटरची बादली दोन मिनिटांत भरत असेल तर चोवीस तासांत ७२० बादल्या, म्हणजे १०,८०० लिटर. म्हणून आमची खूण ठरली दोन मिनिटं. वहीत त्या जागी मुलीनं लाल रेघ मारली. रेघेच्या आत असेपर्यंत वाडीला पुरतं, बाहेर गेलं की तूट. २०२३ मध्ये ही रेघ १० एप्रिलच्या सुमाराला ओलांडली गेली.

पण दोनशे हा आकडा तरी कुठे खरा आहे? शिमग्याला चाकरमानी येतात ते पाच दिवसांसाठी. मे महिन्यात येतात ते पोराबाळांसकट, गाड्यांसकट. मे महिन्यात वाडीत साडेतीनशे माणसं सहज असतात. मेच्या मध्याला बादलीला जवळपास साडेतीन मिनिटं लागत होती, म्हणजे दिवसाला सहा हजारांच्या थोडं वर लिटर. भागा साडेतीनशेनं. माणशी अठरा लिटर. योजनेच्या कागदावर लोकसंख्या जनगणनेची असते, आणि जनगणना काही आंब्याच्या मोसमात माणसं मोजत नाही. मुंबईहून आलेल्या पोरांना शॉवर नाही म्हणून रुसायला होतं आणि वरच्या आळीतल्या बायका पहाटे चारला उठून नळाला हंडा लावतात, कारण खालच्या आळीनं नळ सोडला की वर फक्त हवा येते. टंचाई वाडीत सारखी वाटली जात नाही, ती वरच्या नऊ घरांत गोळा होते. माझ्या कुठल्याही नकाशात ही गोष्ट आली नसती.

११ जून ते २५ जून

२०२३ चं वर्ष एल निनोच्या, म्हणजे प्रशांत महासागर तापून आपला मान्सून बहुधा ढिला पडतो त्या स्थितीच्या, उंबरठ्यावरचं होतं. केरळातच मान्सून आठवडाभर उशिरा आला. ६ जूनला अरबी समुद्रात बिपरजॉय हे चक्रीवादळ उठलं आणि बाष्प ओढत उत्तरेकडे सरकत राहिलं. ११ जूनला हवामान खात्यानं मान्सून रत्नागिरीपर्यंत आल्याचं जाहीर केलं. शास्त्राच्या दृष्टीनं ते बरोबरच होतं. मान्सूनचं आगमन पाऊस, वारे, ढग यांच्या मोठ्या टापूवरच्या निकषांवर ठरतं, एखाद्या वाडीच्या डोणीवर नाही. पण त्यानंतर मान्सूनची रेषा जागची हललीच नाही. १५ जूनला वादळ कच्छमध्ये जखाऊजवळ धडकलं, तरी इथे नुसता उकाडा. मुंबईत मान्सून पोचायला २५ जून उजाडला.

वाडीत टँकर येत होता. तो ज्या कार्यालयाच्या सहीनं येतो, तिथे १२ तारखेच्या पेपरातलं "मान्सून रत्नागिरीत दाखल" वाचून पुढची मागणी मागे पडली. दोनदा फोन केला तेव्हा "पाऊस सुरू झालाय की तुमच्याकडे" असं उत्तर आलं. एरवी टंचाई आराखडा ३० जूनला संपतोच. कागदावर पाऊस आला होता. वाडीत तरवा, भाताची रोपं, करपत होता, दुबार पेरणीसाठी बियाणं कुणाकडे उसनं मिळेल याची चौकशी चालू होती, आणि वहीत २५ जूनच्या रविवारी नोंद आहे: सहा मिनिटं पंचेचाळीस सेकंद.

या प्रकरणाचा गाभा इथे आहे, म्हणून हिशेब नीट मांडते. मृगाच्या तोंडावर, ७ जूनला, पाऊस लागला असता तर बादली पाच मिनिटांवर थांबली असती. १० एप्रिल ते ७ जून या अठ्ठावन्न दिवसांत, चाकरमानी सोडून, फक्त दोनशे माणसांची तूट येते सुमारे सव्वादोन लाख लिटर. पुढचे अठरा दिवस, ७ ते २५ जून, यांची तूट आणखी एक लाख तीस हजार. म्हणजे शेवटच्या अडीच आठवड्यांनी आधीच्या दोन महिन्यांच्या तुटीत निम्म्याहून जास्त भर घातली. झरा सगळ्यात क्षीण असतो तेव्हाच हे वाढीव दिवस येऊन पडतात, म्हणून ते इतके महाग.

आम्ही शास्त्रज्ञ हंगामाचा पाऊस टक्केवारीत सांगतो. सरासरीच्या ९४ टक्के, १०६ टक्के. या वाडीला त्या टक्क्यांशी देणंघेणं नाही. तिला फक्त एक संख्या हवी: ऑक्टोबरातला शेवटचा चांगला पाऊस आणि जूनमधला पहिला चांगला पाऊस यांच्या मधले दिवस. मी वर्षानुवर्षं बेरजा करत होते, आणि उत्तर या वजाबाकीत होतं. भात कापणीला आलेलं असताना पडणारा परतीचा पाऊस शेतकऱ्याला वैरी वाटतो. २०१९ च्या ऑक्टोबरात क्यार वादळाच्या वेळी आडवं पडलेलं भात खाचरातच रुजलं, ते आठवलं की अजून लोक हळहळतात. झऱ्याच्या खात्यात मात्र तोच पाऊस जमेला पडतो. पाणी आणि भात यांचं एकाच महिन्यात असं भांडण लागतं, आणि त्यात निवाडा देणारी मी कोण!

साडेतीन लाख लिटर ऐकायला अबब वाटतं. पण एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. तीन हजार मिलिमीटर पाऊस सव्वाशे चौरस मीटरच्या कौलारू छपरावर पडला की पावणेचार लाख लिटर होतात. पडवीसकट मावशीचं घर जवळपास तेवढंच. अख्ख्या वाडीची सगळी तूट तिच्या एका घराच्या पागोळ्यांतून दर पावसाळ्यात अंगणात पडते आणि पाखाडीच्या पायऱ्यांवरून पऱ्याला, म्हणजे ओढ्याला, जाते. हे तिला सांगितलं तेव्हा ती बराच वेळ वर कौलांकडे बघत बसली. मग म्हणाली, "म्हंजे पानी हाय. येळेला नाय."

मग काय केलं

बंधारा आधीपासून होता. दरवर्षी सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत वाळूमाती भरून पऱ्यावर वनराई बंधारा घालतात, श्रमदानानं, फोटोसकट. त्यात दोन चुका होत्या. एक, तो डिसेंबरात घालत, कारण मोहीम डिसेंबरात असते. पऱ्याची धार नोव्हेंबरातच निम्मी झालेली असते. दुसरी चूक जास्त मोठी. बंधारा झऱ्याच्या खाली होता, रस्त्याला लागून, सोयीच्या जागी. खाली अडवलेल्या पाण्यानं वरच्या झऱ्याची धार कशी वाढेल? वर्षानुवर्षं हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मीही पहिल्या वर्षी विचारला नाही. मी तर गोण्या उचलतानाचा माझा फोटो काढून घेतला होता.

तरी बंधारा मोडायचा नाही असं ठरलं. त्याच्याखाली मळ्यात एक पडकी विहीर होती, बंधाऱ्याच्या झिरपीनं तिला मार्चपर्यंत पाणी राहत असे. ती उपसून, चिऱ्यांचा कठडा बांधून, धुण्याभांड्याला आणि गुरांना तिचं पाणी घ्यायचं. झऱ्याचं पाणी फक्त प्यायला आणि रांधायला. बंधारा घालायची तारीख कॅलेंडरवरून काढून वहीवर नेली: बादली बारा सेकंदांवर गेली की त्या रविवारी गोण्या भरायच्या. झऱ्याजवळ दुसरी टाकी बसवली, म्हणजे फेब्रुवारी-मार्चमध्ये रात्रभर ओसंडून जाणारं पाणी धरता येईल. आणि वरच्या नऊ घरांना पागोळीच्या टाक्या, प्रत्येकी दहा हजार लिटरच्या. सुरुवातीच्या सरी वाहू द्यायच्या, छप्पर धुऊन निघालं की पन्हळ टाकीकडे वळवायची, ऑक्टोबरात टाकी भरून झाकण लावायचं आणि मार्चपर्यंत हात लावायचा नाही. पाच माणसांच्या घराला माणशी वीस लिटरप्रमाणे ती शंभर दिवस पुरते.

पैशाचा विषय वाडीतल्या मुंबईकरांच्या मंडळाकडे गेला. मंडळानं गणपतीत बैठक घेतली, आणि तिथे सभामंडप आधी की टाक्या आधी यावर जे झालं ते इथे लिहिण्यासारखं नाही. शेवटी ग्रामदेवतेला गाऱ्हाणं घालून सभामंडप एक वर्ष पुढे ढकलला. गुरवानं कौल लावला तेव्हा मी मागे उभी होते. देवाला लावलेला फुलाचा कळा उजवीकडून पडला, म्हणजे होकार. माझ्या तक्त्यांपेक्षा त्या पाकळीचं वजन जास्त होतं, आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही.

२०२४ च्या जूनमध्ये वाडीत टँकर आला नाही. मंडळाच्या वार्षिक अहवालात हे माझ्या नावावर लिहिलंय. मला ते खोडून काढायचंय. २०२४ मध्ये मान्सून कोकणात वेळेवर आला, मुंबईत तर दोन दिवस आधीच. मधले अठरा दिवस आलेच नाहीत. आमच्या व्यवस्थेची परीक्षा झालीच नाही, पेपर सोपा निघाला. काम चाललं की नाही हे २०२३ सारखं वर्ष पुन्हा येईल तेव्हाच कळेल. तोवर मी फार तर एवढं म्हणू शकते की एप्रिलअखेर वरच्या आळीत पहाटे चारची रांग नव्हती.

२०२५ नं उलटाच धडा दिला. मान्सून २४ मेला केरळात आणि २६ मेला मुंबईत. मुंबईत तो इतक्या लवकर आल्याची नोंदच नव्हती. बंधाऱ्याच्या गोण्या दरवर्षी मेच्या शेवटच्या रविवारी काढतात. त्याआधीच पऱ्या भरून आला आणि गोण्यांसकट मळ्याच्या एका बांधाचा तुकडा घेऊन गेला. उशिराच्या पावसाची तयारी आम्ही दोन वर्षं केली होती, लवकरच्या पावसाचा विचार एकदाही केला नव्हता. पागोळीच्या टाक्यांपैकी चार तर घासण्यासाठी रिकाम्या करून पन्हळीखाली उघड्या पडल्या होत्या. पहिल्या पावसाची सगळी घाण, वाळका पालापाचोळा आणि एक मेलेला सरडा त्यांत गेला.

ती मुलगी आता बारावीला आहे. वही दुसरी सुरू झालीय, अजूनही मागच्या पानापासून. २५ मे २०२५ च्या रविवारी सेकंदांच्या रकान्यात तिनं आकडा लिहिलेला नाही. लिहिलंय: "झऱ्यावर जाता येत नाही. पऱ्याला कंबरेएवढं पाणी."